हडळीचा दहीभात

१९८७ साल. कोळवणात टीव्ही आधीपासून एक होता, पण त्यात नुसत्या मुंग्याच दिसत. म्हणून पहिला टीव्ही आमचाच समजा!

त्याच्यावर दोन वर्षं आधी, १९८५ साली, मी आणि शेजारच्या सारजाबाईनं हडळीची मालिका जीव मुठीत धरून पाहिली होती. शेवटच्या भागात मांत्रिकानं तांब्या उचलला आणि वीज गेली! धरण आमच्याकडं, उजेड मुंबईला. हडळ सुटली की नाही, याच काळजीत आम्ही झिजलो.

मालिका पुन्हा लागली, रविवारी दुपारी. मी ठणकावून सांगितलं, "या खेपेला शेवट बघणार म्हणजे बघणारच!"

शेवटच्या भागाला सारजाबाई आली ती डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर नवऱ्याच्या जीपची बॅटरी घेऊन!

"अगं, कोंडाजीभावजी?"

"जेवून घोरत्यात. लाव तू!"

वीज ठरल्यासारखी गेली. बॅटरी जोडली. पहिल्या खेपेला हडळीला घाबरणारी सारजाबाई आता पदरानं डोळे पुसत होती.

"सासरच्यांनी उपाशी मारली गं हिला. घासभर बी कुणी दिला न्हाई."

एवढ्यात कोंडाजी दारात. मागं पौडला निघालेली जीपभर माणसं!

"माझी ब्याटरी कुटं हाय?"

"गप बसा की ओ! मांत्रिक आलाय!"

कोंडाजी बसला. मागची माणसंही बसली. माझ्या घराचा एसटी स्टँड झाला!

सारजाबाई उठली, माझ्या चुलीपाशी गेली आणि वाटीभर दहीभात आणून टीव्हीवर ठेवला.

"हे काय गं?"

"खाऊ दे. दोन वर्सांची भुकेली हाय."

"आमच्यात नैवेद्य चालत नाही! मास्तरांनी पाहिलं तर हडळीआधी मी घराबाहेर!"

आमचे हे, भिकाजी मास्तर, देव-भूत काही मानत नसत. ही मालिकाही त्यांनी 'अंधश्रद्धेच्या अभ्यासापुरती' चालू दिली होती. मांत्रिकानं तांब्या उचलला आणि नेमकी यांची सायकल अंगणात वाजली! वाटी लपवायला मी झेपावले. वाटी कलंडली, दही टीव्हीच्या फटींतून आत गेलं.

फट्! धूर!

"भाईर आली!" कुणीतरी ओरडलं. जीपभर माणसं बांधावरून पौडच्या दिशेनं पायीच पळाली.

हे आत आले, नाक वर करून म्हणाले, "भात लागलाय का गं?"

पुढं टीव्हीच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली. कोंडाजीनं जीप विकली, मग जमीनही. आता भुकूमला खोल्या भाड्यानं देतो. हे गेले, ते टीव्ही उंदरांनी बिघडवला असं समजूनच. सारजाबाई गेल्या थंडीत गेली. शेवटपर्यंत विचारायची, "सुटली का गं ती?" मी थकून म्हणायची, "सुटली असंल बाई."

परवा नातीनं तो शेवट मोबाइलवर लावून दिला. मांत्रिक तांब्या खाली ठेवतो आणि म्हणतो, "मंत्र नकोत. उपाशी आहे ती, वाढा तिला." सासू दहीभात वाढते. हडळ जेवते आणि सुटते.

म्हणजे सारजाबाईनं तिला आमच्याच घरात सोडवलं होतं! फक्त आमच्याकडं तिच्याबरोबर टीव्हीही गेला.