सावेडीचा मुकादम

शत्रूशी लढायचं तर आधी त्याच्या छावणीत एक फेरी मारून यावी, असं मला वाटलं आणि मी माझ्या मोबाईलवर एक गेम डाउनलोड केला. एवढंच. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही (म्हणजे आहे, पण आधी माझी बाजू ऐकून घ्या).

आमची मुलगी आरती अकरावीत गेली आणि मोबाईलवर गेम खेळायला लागली. ती आधीही खेळत असणार, पण अकरावीत गेल्यावर आमच्या समोर बसून खेळायला लागली. माझी बायको सुकन्या शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांवर ओरडून ती दमलेली असते, त्यामुळे स्वतःच्या मुलीवर ओरडण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. तिथे मला कोणावरच ओरडता येत नाही, म्हणून हे खातं मी आनंदाने सांभाळतो.

"गेम म्हणजे वेळेची माती," मी आरतीला म्हणालो.

"तुम्ही कधी खेळलाय?"

"न खेळताच मला कळतं."

"मग मी पण पुस्तक न उघडताच पेपर लिहू का?"

आता आली का पंचाईत! त्यात नगरमधल्या आमच्या सावेडीच्या अपार्टमेंटचे चेअरमन आप्पासाहेब यांनी पार्किंगमध्ये 'मोबाईलमुक्त रविवार' नावाचा कार्यक्रम ठरवला होता आणि वक्ता म्हणून मला धरलं होतं. (दोन चांगले वक्ते बाहेरगावी निघून गेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना सापडलो.) तेव्हा भाषणाची तयारी म्हणून, फक्त दोन मिनिटं, मी तो गेम उघडला.

गेम मुद्दाम साधा निवडला होता. गोळीबार नाही, मारामारी नाही. शेतीचा गेम. जमीन मिळते, ती नांगरायची, पेरायची, पाणी द्यायचं, सगळं बोटाने. मी मूळचा पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडे विहिरीचं पाणी बघायचं तर कंबरेत वाकावं लागतं, आणि वाकूनही ते दिसेलच असं नाही. इथे मी बोट टेकवलं आणि विहीर काठापर्यंत भरली. पाथर्डीच्या माणसाला एवढं दाखवल्यावर तो जागचा कसला हलतो! सुकन्याने जेवायला हाक मारली तेव्हा माझी ज्वारी काढून झाली होती आणि ऊस गुडघ्याला लागला होता.

महिन्याभरात माझी दोन गोठे, एक गुऱ्हाळ आणि एक स्वतःचा साखर कारखाना अशी प्रगती झाली. घरात मी हे सांगितलं नाही. नेतृत्व, नियोजन, चिकाटी हे गुण माझ्या अंगी उतरत होते, पण ते उतरवायला एकांत लागे, आणि आमच्या फ्लॅटमध्ये एकांत फक्त संडासात आहे. माझा तिथला मुक्काम वाढलेला बघून सुकन्याने मला रोज इसबगोल सुरू केलं. शिवाय मिरची बंद, तळलेलं बंद, ताटात वाफवलेला दुधी. मी तोही निमूट गिळला. कारखानदाराला काही त्याग करावेच लागतात.

या गेममध्ये एकट्याचं भागत नाही, गट करावा लागतो. आमच्या गटातले सगळे नगर जिल्ह्यातलेच निघाले: पारनेरकडचा योगेश, शेवगावच्या दीपाताई, आणखी काही असेच उद्योगी लोक. ऊसच तोडायचा म्हटल्यावर आम्ही गटाला टोळी म्हणायला लागलो, आणि टोळी म्हटली की पुढारी तो मुकादम. एकमताने मी मुकादम झालो. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण मला एकमताने कोणी चहासुद्धा सांगितलेला नाही.

आता इथे मुकादम या शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातून दरवर्षी दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे बरेच कोयते मिळून टोळी, आणि टोळी जमवून कारखान्यावर नेतो तो मुकादम. माझे वडील भिमाजी, म्हणजे आमचे आबा, आणि माझी आई रंगुबाई यांचा उभा जन्म त्या कोयत्यावर गेला. मुकादमाचं नाव काढलं की आबा अजूनही तोंडातली तंबाखू थुंकतात. मला त्यांनी शिकवलं ते एवढ्याचसाठी. 'आमच्या घरातला कोयता माझ्यापाशी संपला,' हे वाक्य ते एसटीत सांगतात, लग्नात सांगतात, दहाव्याला गेले तर तिथेही सांगतात. गावात आबांची मान ताठ आहे ती त्या एका वाक्यावर.

त्या दिवसांत आई आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने जेमतेम दिसतं. म्हणजे माझ्या हातातला मोबाईल तिला दिसत नव्हता. कान मात्र खणखणीत होते. मी संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून टोळीशी बोलत होतो.

"दीपाताई, ऊस उभा वाळायला लागलाय! कोयते कमी पडतायत, आणखी माणसं बघा. योगेशला मी टोळीतून काढणार आहे. दोन दिवस हजेरी नाही. काय? बायकोचं बाळंतपण? मग? बायको बाळंत झाली म्हणून तोडणी थांबते का?"

मागे वळून बघतो तर आई भिंत धरून उभी.

"कल्यान, आसं बोलू न्हाई रं. बाळंतीन बाई हाय."

"आई, टोळी चालवायची म्हणजे असंच बोलावं लागतं," मी म्हणालो. (मी गंमत करत होतो. निदान तेव्हा मला तसं वाटलं.)

आई भिंत चाचपत आत गेली आणि आरतीकडून तिने आबांना फोन लावून घेतला. आरतीने तो लावून दिला आणि हेडफोन घालून स्वतःच्या गेममध्ये शिरली. त्यामुळे पाथर्डी तालुक्याला काय कळलं, ते आमच्या घरात कोणालाच कळलं नाही.

दोन दिवसांनी गावाहून रामहरीचा फोन आला. रामहरी माझा चुलतभाऊ. दरवर्षी बायकोला घेऊन टोळीवर जातो.

"भाऊ, तुमी टोळी धरली म्हनं!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे गेम गावापर्यंत पोचला होता.

"धरली की! मुकादम आहे मी."

"आमाला घ्या की मंग टोळीत. परक्याच्या मागं कशाला फिरायचं?"

"घेतो की. तुझी लेव्हल किती?"

"रानाची व्हय? लेवल केलंय औंदा, जेसीबी लावून."

मला वाटलं, जेसीबी हे गेममधलं काहीतरी नवीन आलं असेल. आपल्याकडे नाही याचा मला जरा हेवाच वाटला.

"बरं, रोज हजेरी लागेल. खाडे चालणार नाहीत."

"खाडं कशाला करू? आन कारखाना कंचा?"

"माझाच आहे की कारखाना."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"तुमचा... सोताचा?"

"परवाच काढला. छोटाच आहे, पण वाढवणार आहे."

"भाऊ," रामहरी एकदम अदबीने म्हणाला, "कवा येऊ मंग?"

"रविवारी सकाळी. आणि एकटा येऊ नकोस, जमतील तेवढे सगळे या. मोठी तोडणी आहे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नेतृत्वगुणांचा विचार करत बसलो.

रविवार उजाडला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता, आणि सगळ्यांचे मोबाईल जमा करायला एक मोठी प्लॅस्टिकची टोपली होती. पुढच्या रांगेत सुकन्या, शेजारी काळा चष्मा लावून आई, तिच्यापलीकडे जांभया देणारी आरती. आप्पासाहेबांनी 'संयमी आणि व्यसनमुक्त व्यक्तिमत्त्व' अशी माझी ओळख करून दिली आणि मी उभा राहिलो. तब्येतीत बोललो. गेममुळे माणूस कामाला मुकतो, घरच्यांशी खोटं बोलतो, त्याची भाषा बिघडते, असं सगळं सांगितलं. (अनुभवाचे बोल असल्यामुळे रंग भरत होता.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुकन्याने तर आजूबाजूच्या बायकांकडे वळून बघितलं.

तेवढ्यात गेटमधून एक जीप आत आली. टपावर वळकट्या, पातेली आणि एक पत्र्याची पेटी. आतून रामहरी, त्याची बायको आणि आणखी चार-पाच जोडपी उतरली. रामहरीने मला बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"मुकादम! टोळी आली!"

सगळं पार्किंग मागे वळलं. मग जीपच्या पुढच्या दारातून आबा उतरले. टोपी, धोतर, हातात काठी. ते कोणाकडे न बघता खुर्च्यांमधून सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. माईक चालू होता.

"मुकादम झालास?"

"आबा, आधी बसा तरी..."

"तुझ्या आयनं सांगितलं, पोरगं मुकादमाच्याच तोंडानं बोलतंय. म्या म्हनलो, न्हाई, माझं पोरगं न्हाई. म्हनून आलो. एका सबदात सांग. झालास का न्हाई?"

आबांचे डोळे भरले होते. जन्मात पहिल्यांदा मी ते तसे बघत होतो. आणि माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. हो म्हणावं, तर आबा ते वाक्य पुन्हा एसटीत उच्चारणार नाहीत. नाही म्हणावं, तर गेमचं सांगावं लागणार, आणि समोर सुकन्या, आरती, आप्पासाहेब आणि आत्ताच टाळ्या वाजवलेले तीस फ्लॅट. मी घाबरट माणूस आहे, पण आबांच्या त्या डोळ्यांपुढे मला खोटं बोलवेना.

"नाही आबा. ते खरं नाही. ते मोबाईलमधलं आहे. गेम आहे तो."

माईकमुळे हे वाक्य शेजारच्या अपार्टमेंटपर्यंत गेलं.

सगळ्यात आधी आरती उठली. इतकी चपळाई मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. तिने टोपलीतून माझा मोबाईल शोधून काढला, (पासवर्ड तिला माहीत होता, हे मला माहीत नव्हतं) गेम उघडला आणि आबांच्या हातात दिला.

"बघा आबा, हा बाबांचा कारखाना. आणि माझा गेम म्हणजे वेळेची माती!"

"म्हणजे तुमचं पोट..." सुकन्या सावकाश म्हणाली. पुढचं तिने चारचौघांत बोलायचं टाळलं.

रामहरी आबांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या मागे अख्खी टोळी वाकली होती.

"भाऊ, ह्यो ऊस कुनाचा?"

"तसा कोणाचाच नाही."

"मंग तोडतं कोन?"

"मीच. बोटानं."

"तोडून झाल्यावर?"

"पुन्हा उगवतो."

रामहरीने बायकोकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. "आमाला वाटलं, घरचा मुकादम हाय, तर मापात मारनार न्हाई," रामहरी हळूच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा मात्र अजून मोबाईलकडेच बघत होते. माझे छोटे छोटे मजूर हिरव्यागार फडात नाचत नाचत ऊस तोडत होते, आणि मागे सनई वाजत होती.

"म्या जलमभर तोडला," आबा म्हणाले, "का, तर तुला तोडाय लागू न्हाई. आन तू हौसंनं तोडतोस? फुकाट?"

"अगदी फुकट नाही आबा," मी घाईने म्हणालो. (त्या क्षणी गप्प बसलो असतो, तर निम्मी अब्रू वाचली असती.) "रोज हजेरी लावली की एक कोंबडी मिळते."

"कुठं हाय?"

"काय?"

"कोंबडी."

"ती पण... मोबाईलमध्येच."

आप्पासाहेबांनी माईक माझ्या हातून काढून घेतला आणि व्याख्यात्यांनी जिवंत उदाहरणासह विषय मांडल्याबद्दल त्यांचे आभार मानले. या वेळच्या टाळ्या माझ्या भाषणाच्या टाळ्यांपेक्षा जास्त होत्या.

सुकन्याने एवढ्या सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी केली. मिरचीचा ठेचा केला. मला वाफवलेला दुधी वाढला. जेवणं झाल्यावर मंडळी निघाली. आई पुन्हा तपासणीसाठी थांबणार होती, पण आबा थांबायला तयार नव्हते. रामहरीने जीपमध्ये त्यांना हात देऊन बसवलं आणि जरा घुटमळला.

"आबा, गावात समदी इचारतील. कल्यानभाऊ काय करतो म्हनून सांगू?"

मी जीपच्या दाराशी उभा होतो. आबांनी माझ्याकडे बघितलं, आमच्या अपार्टमेंटकडे बघितलं, टोपी काढून पुन्हा नीट घातली.

"सांग, मुकादम झालाय म्हनून."

"पर आबा, तुमी तर जलमभर मुकादमाला..."

"सांग म्हनतो ना! लोकं शिव्या देतील, मला म्हाईत हाय. त्या मी सोशीन." जीप हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पण माझ्यासाठी नाही, टपावर चढलेल्या रामहरीला ते ओरडून सांगत होते, "आन त्या कोंबडीचं कुठं बोललास तर तंगडं मोडीन!"