पहिल्या नंबरचे जंतू

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून सासूबाई बाहेर पडल्या त्या मान ताठ करून, जणू सून परीक्षेत पहिली आली होती. त्यांचा उभा जन्म इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं उकळून जंतू मारण्यात गेलेला. आणि आज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की सुनेच्या योनिमार्गात भल्या जंतूंचं राज्य आहे, वाईटांना ते थाराच देत नाहीत. "याची हमी नसते हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण गर्भासाठी लक्षण चांगलं आहे."

सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते; आधीच्या दोन्ही वेळा पदरी काही पडलं नव्हतं. बसमध्ये सुनेनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. "आई, या वेळी कुणाला सांगायचं नाही. ते समजूत काढायला येणं मला पुन्हा सोसवणार नाही."

"मेले तरी नाही सांगणार!"

वचन पाळणं सोपं, अभिमान गिळणं महाकठीण. जिन्यातच तळमजल्यावरच्या काकू भेटल्या.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"ते सांगायचं नाहीये. पण आमच्या सुनेचे जंतू म्हणजे पहिल्या नंबरचे! अख्खा गड काबीज केलाय त्यांनी!"

काकू भिंतीला चिकटल्या. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की वर भयंकर साथ आली आहे. दूधवाला पिशवी जिन्यातच टाकून पळाला. समोरच्यांनी दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. "जळतात मेले आपल्यावर," सासूबाई खुशीत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी तोंडाला रुमाल बांधून, फवारणीवाल्याला घेऊन हजर झाले. मागे जिनाभर शेजारी.

"जंतू मारायचेत."

"आमचे? हात तर लावून बघा!" सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"अहो, जन्मभर तुम्हीच मारलेत ना?"

"ते वेगळे! हे चांगल्या घरातले आहेत!"

फवारणीवाल्यानं पंप खाली ठेवला. "एक विचारायचं राहिलं. घरात कुणी गरोदर असेल तर मला फवारता येत नाही. आहे का कुणी?"

सासूबाई पेचात पडल्या. हो म्हणावं तर वचन मोडतं, नाही म्हणावं तर ते औषध सुनेच्या नाकातोंडात जातं. त्यांनी डोळे मिटले.

"आहे."

"कोण?"

"मी."

सेक्रेटरींचा रुमाल गळून पडला. आतल्या खोलीत सासऱ्यांना जोराचा ठसका लागला.

आणि सून हसली. कित्येक दिवसांत घरात तिचं हसू ऐकू आलं नव्हतं. डोळे पुसत ती बाहेर आली, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जे आरशासमोर पुटपुटायलाही ती घाबरत होती ते खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आहे गरोदर. आणि ते जंतू माझे आहेत, राखणीला बसलेत. पुढचं पुढे. आज मी आई होणार आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो!"

सासूबाईंचा ऊर भरून आला. पदराला नाक पुसत त्यांनी सुनेच्या कानात हळूच विचारलं, "मग आता सांगू का गं सगळ्यांना?"

"सगळे इथंच उभे आहेत, आई."