चाचांची पोच

हबीबचाचांसमोर ‘मी उद्यापासून अमुक करणार नाही’ असं म्हणायची सोय नाही. तुमचं बोलणं संपायच्या आत त्यांच्या खिशातून घडी घातलेला फुलस्केप निघतो, कानामागचा पेन हातात येतो आणि सवाल येतो, “ते बराबर हाय. पण मागणी काय हाय?”

चाचा म्हणजे आमच्या जुन्या जालन्यातले जुने अर्जनवीस. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली पत्र्याचं टेबल टाकून त्यांनी जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. आता अर्ज मोबाईलवरून जातात, म्हणून ते टेबल त्यांच्या घराच्या ओट्यावर आलं. त्या ओट्यासमोरच माझं दार. मी शाळेत शिकवते आणि स्वभावानं तापट आहे. हे मी सांगायची गरज नाही, गल्लीत कुणीही सांगेल.

अर्ज लिहून लिहून चाचांचं एक मत पक्कं झालं होतं. “साहेबाला ‘हे नको, ते नको’ लिहून दिलं का साहेब म्हणतो, मंग मी करू काय? कागद तिथंच पडून राह्यतो. नळाला पाणी येत न्हाई, ही झाली तक्रार. सकाळी सात वाजता पाणी सोडा, ही मागणी. आपलं मन बी एक साहेबच हाय बाई. त्याला काय करायचं ते सांगा.”

एकदा मी वर्गात ओरडून ओरडून घसा बसवून घरी आले आणि ओट्यापाशी थांबून म्हणाले, “चाचा, आता मी चिडणार नाही म्हणजे नाही!” झालं. चाचांनी उभ्या उभ्या लिहिलं, ‘राग आला की मी माठातलं गिलासभर पाणी सावकाश पिईन आणि मगच बोलेन.’ त्याखाली माझी सही घेतली. सहीखाली आणखी एक रेघ, पोचेची. अर्ज ज्याला दिला त्यानं तो मिळाल्याची सही करायची, ती पोच. पोच नसेल तर तो अर्ज चाचांच्या लेखी रद्दी. “घरात कोणाला तरी दाखवा, त्याची सही आणा. न्हाईतर मन पलटी खातं.”

मी नवऱ्याची सही घेतली. सही करताना त्यांना इतका आनंद झाला की मला पहिला गिलास तिथंच प्यावा लागला. त्या आठवड्यात मी एवढं पाणी प्यायले की वर्गातली पोरं सांगायला लागली, “बाई, माठ संपला.” पण खरं सांगते, घसा परत बसला नाही.

कोपऱ्यावरचे अडत्ये रामराव ‘वजन वाढू द्यायचं न्हाई’ असं म्हणत आले, तर चाचांनी ‘दुकानातून घरी पायी जाईन’ असं लिहून दिलं. पंधरा दिवसांत रामराव जास्तच गोल झाले, कारण वाटेत भज्यांची गाडी होती. चाचांनी दुरुस्ती अर्ज लिहिला, ‘मागच्या गल्लीतून जाईन.’

शेजारच्या कमळाबाई चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघाल्या होत्या. सुनेशी भांडण होऊ नये म्हणून साकडं घालणार होत्या. चाचांनी त्यांना ओट्यावर थांबवलं. “मावशी, इतक्या लांब जाऊन तक्रार काय वाचता? मागणी सांगा.” मग दोघांनी मिळून ठरवलं, की सुनेची पहिली पोळी कमळाबाईंनी खायची आणि चांगली झाली म्हणायचं.

“अन् करपलेली निघाली तर?” कमळाबाईंनी विचारलं.

“मंग जितकी करपली न्हाई तितकीला चांगली म्हणा.”

सगळ्या गल्लीचे कागद लिहिणाऱ्या चाचांचा स्वतःचा मात्र एकही कागद नव्हता. चाची जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी शबाना हसनाबादला दिलेली. ती दर शुक्रवारी फोन करायची, “अब्बा, हमारे पास रहने कू कब आ रहे?” चाचांचं उत्तर ठरलेलं, “मेरे कू किसी को तकलीफ नै देना, बेटा.” फोन ठेवला की झाडलेलाच ओटा पुन्हा झाडत बसायचे. मला समोरून दिसायचं आणि माझा जीव तुटायचा, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

यंदा शबानानं घराला एक खोली वाढवली, अब्बांसाठी म्हणून. आणि एका शुक्रवारी फोनवर म्हणाली, आता शेवटचं विचारतेय, तुम्ही येणार नसाल तर आमचे हे त्या खोलीत कापूस भरणार आहेत.

त्या संध्याकाळी चाचा माझ्या दारात आले. कानामागं पेन नव्हता.

“बाई, एक अर्ज लिहून देता का? माझा हातच चालून न्हाई राह्यला.”

त्यांच्या हातातल्या फुलस्केपवर दोन ओळी होत्या. ‘कोणाला तकलीफ होऊ नये.’ त्याखालची ओळ खोडलेली होती, पण वाचता येत होती. ‘एकटं वाटू नये.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी मास्तरणीच्याच आवाजात म्हणाले, “ते बराबर हाय चाचा. पण मागणी काय हाय?”

चाचा हळूच म्हणाले, “सकाळचा चहा कोणाबरोबर तरी प्यावा.” मी लिहिलं. “अन् बाहेरून आलो का कोणीतरी विचारावं, इतका वेळ कुठं गेल्ता म्हणून.” तेही लिहिलं. चाचांनी सही केली, खाली पोचेची रेघ स्वतः ओढली आणि कागद माझ्याकडं दिला. मी त्याचा फोटो काढून शबानाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नवऱ्याची जीप घेऊन हजर. मूळ कागद मागून घेतला, ओट्यावर बसून वाचला. ओढणीनं डोळे पुसले आणि पोचेच्या रेघेवर सही केली. “चार साल से यहीच तो पूछ रही थी, अब्बा.” चाचांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पत्र्याचं टेबल जीपमध्ये चढवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

ओटा रिकामा झाला. मी आठवडाभर सगळ्यांवर खेकसत होते, पाण्याचा उपयोग होईना. शेवटी कागद घेतला आणि लिहिलं, ‘मला चाचांची आठवण येऊ नये.’ लिहून झाल्यावर माझंच मला हसू आलं. तो फाडला आणि दुसरा लिहिला, ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हसनाबादला जाऊन चाचांसोबत चहा पिईन.’

पोच घ्यायला स्वतःच गेले. चाचा अंगणात त्याच टेबलाशी बसले होते, कानामागं पेन होता. चष्मा पुसून त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. पेन टेकवला आणि पुन्हा उचलला.

“बाई, एक दुरुस्ती करता का?” ते म्हणाले. “महिना लई लांब पडतो. पंधरा दिवसाला या.”