ढिल्या नळीची रायफल

"पुन्हा उठलास? कॉफी तरी पिऊन घे!" गुन्वोर नवऱ्याला म्हणाली.

ट्रुल्स बसला आणि लगेच उठला. शनिवारी नेमबाजी मंडळाची जुन्या बंदुकांची स्पर्धा होती. सासरे आस्लाक स्वतः बघायला येणार होते, कारण ट्रुल्स त्यांचीच रायफल चालवणार होता. दरीतल्या साऱ्या गावांत नावाजलेली ती रायफल त्यांनी सख्ख्या मुलाला सोडून जावयाला दिली होती. आणि कालच्या सरावात तिच्या गोळ्या नेमाच्या कागदात आडव्या घुसल्या होत्या. एक तर शेजारच्या ओडमुनच्या कागदावर गेली.

"सासऱ्याने रायफल दिली, की घरातली अडगळ काढली?" ओडमुनने सगळ्यांच्या देखत विचारलं होतं.

दुखणं नळीत होतं. मऊ शिशाचा गोळा तिच्यातून ठोकून बाहेर काढल्यावर ट्रुल्सला कळलं की नळी हवी त्यापेक्षा केसभर रुंद आहे. दुकानातली गोळी तिच्यात मोठ्या भावाच्या बुटात पाय घातल्यासारखी खडखडत होती. म्हणजे गोळी घरीच ओतायला हवी आणि काडतूसही घरीच भरायला हवं.

शिसं कमी पडलं तेव्हा त्याने बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांची वजनं उसवली. दुसऱ्या दिवशी पडदे वाऱ्याबरोबर छताला टेकायला लागले.

"हे असे का उडतायत?" गुन्वोरने विचारलं.

"वारा आहे," ट्रुल्स म्हणाला आणि मागच्या शेडकडे सटकला.

पण त्याच्या साच्यातली गोळीही बारीकच निघाली. मग गोळीला कागद गुंडाळून जाड करायचं ठरलं. वर्तमानपत्र फाटलं, केकखाली घालायचा कागद निसटला. काडतुसात दारू जपून घातली तर पहिली गोळी फुस्स करून नळीतच बसली. ती काठीने ढकलून काढताना त्याला घाम फुटला. रोज दुपारी तो मैदानावर जाई आणि तोंड पाडून परत येई. जेवताना तो काट्यालाच कागद गुंडाळायला लागला.

"डॉक्टरांना दाखवू या का?" गुन्वोरने काळजीने विचारलं.

शेवटी तिच्या शिवणाच्या खणात त्याला हवा तसा कागद सापडला, पातळ आणि चिवट. गोळ्या नळीत चपखल बसल्या.

शनिवारी मैदानावर गुन्वोर वाफल भाजून विकायच्या टेबलामागे होती. ट्रुल्स पालथा पडला, श्वास रोखला आणि बार काढला. गोळी थेट काळ्या गोलात! दुसरीही तिथेच, तिसरीही. दर बाराला कागदाचे कपटे बर्फासारखे उधळत होते आणि वाऱ्यावर मागे येत होते. ओडमुन वाफल चावायचा थांबला.

बार संपले तशी गुन्वोर हातात एक ओला कपटा घेऊन तरातरा आली.

"पिठात पडला हा. काय आहे हे?"

"कागद."

"ही माझी डावी बाही आहे! सतरा मेच्या सणाच्या पोशाखाचा कागदी नमुना फाडलास तू?"

"उजवी शाबूत आहे," ट्रुल्स चाचरत म्हणाला.

गुन्वोर तोंड उघडणार, तेवढ्यात दुर्बिणीवरून डोळा काढत आस्लाक म्हणाले, "तू या रायफलीला केलंस तरी काय?"

"काही नाही, नळी जरा रुंद होती. दुकानातल्या गोळ्या ढिल्या बसायच्या."

"म्हणजे दोष नळीचा?"

"नळीचाच!" ट्रुल्स छाती फुगवून म्हणाला.

"माझ्या डोळ्यांचा नाही?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "दुकानातल्या गोळ्या आणायला लागलो आणि नेम चुकायला लागला. मला वाटलं, डोळेच गेले. म्हणून रायफल तुला दिली. म्हणून तर गाडी चालवायची सोडली! आण ती किल्ली. आज घरी मी नेतो सगळ्यांना."

गुन्वोर पांढरीफटक पडली. बाबांनी शेवटच्या वेळी गाडी चालवली तेव्हा गाडी पोस्टाच्या पायऱ्यांवर जाऊन थांबली होती.

"बाबा, अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी—"

"डॉक्टरने अक्षरं दाखवली. अक्षरांचा आणि रस्त्याचा काय संबंध? रस्ता केवढा रुंद असतो!"

"काहीतरी कर," गुन्वोरने नवऱ्याला चिमटा काढला.

"थांबा, आस्लाक," ट्रुल्स कसाबसा म्हणाला. "मगाशी नशिबाने लागल्या असतील. अजून एक मारून बघतो."

तो पुन्हा पालथा पडला. एवढे दिवस ज्या नेमासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं, तो त्याने बाजूच्या वाळूच्या ढिगाकडे वळवला आणि डोळे मिटून चाप ओढला. कागदापासून वावभर लांब वाळू उडाली. ओडमुन तोंडातल्या वाफलसकट खिंकाळला.

आस्लाक बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग वाकून त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"गोळी जाड केलीस. नळीत चपखल बसवलीस. आता रायफलीत खोट नाही. हो ना?"

"नाही," ट्रुल्स पुटपुटला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरा. डोळे गेलेत हे मीसुद्धा सुरुवातीला असंच कबूल करत नव्हतो." त्यांनी ट्रुल्सच्या खिशातून हळूच गाडीची किल्ली काढली आणि गुन्वोरच्या हातावर ठेवली. "आजपासून तूच चालव गं. आम्हा दोघांना मागे बसव."