मेव्हण्याच्या घराचं नाव

येत्या दिवाळीला एखाद्या अंकात आपली कथा येणार, हे विश्वजितनं बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कथा लिहायची तेवढी राहिली होती!

म्हणजे, एक लिहून झाली होती. कथालेखनाच्या वर्गातल्या नसरीन मॅडमनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"विश्वजित, तुमच्या गोष्टीत दोन भाऊ शेताची वाटणी करतात. एक म्हणतो, 'विहिरीकडचं तू घे.' दुसरा म्हणतो, 'नको, तूच घे.' मग दोघं चहा पितात. अहो, ही वाटणी आहे का डोहाळजेवण? संघर्ष कुठंय? एकाला काहीतरी हवं असावं, दुसऱ्यानं आडवं यावं. त्याशिवाय वाचक पान उलटत नाही!"

विश्वजितला पटलं. त्याला सगळंच पटायचं, तीच अडचण होती. लग्न झाल्यापासून बायकोशी, वर्षाराणीशी, त्याचं एकदाही कडाक्याचं भांडण झालं नव्हतं. ती काही बोलली की हा 'व्हय' म्हणायचा, विषय संपायचा. आता संघर्षाचा अनुभव आणायचा कुठून? त्यानं ठरवलं, घरातच एक बेताचं भांडण काढायचं, नीट बघायचं आणि लिहायचं.

संधी लगेच आली. वर्षाराणीच्या भावानं, जोतीरामनं, कागलला नवं घर बांधलं होतं. रविवारी वास्तुशांत होती.

"मी येणार न्हाई," भाकरी मोडता मोडता विश्वजित म्हणाला आणि मोठ्या आशेनं तिच्या तोंडाकडं बघत बसला.

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई!" कारण त्यानं ठरवलंच नव्हतं.

"बरं," वर्षाराणी म्हणाली आणि आत निघून गेली.

झालं! एवढ्यावर कथा काय, चारोळीसुद्धा होणार नव्हती.

पण आत जाऊन वर्षाराणीनं वडलांना फोन लावला. "आबा, ह्यांचं कायतरी बिनसलंय," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी विश्वजितची अर्धी दाढी व्हायची होती, तोवर दारात जीप! सासरे गुंडूमामा, जोतीराम आणि त्याची बायको प्रियदर्शनी, सगळे हजर.

"पावणं, आमचं काय चुकलं?" मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कायबी न्हाई, मामा!" विश्वजित फेसातून म्हणाला.

"दाजी, पत्रिकेत तुमचं नाव खाली पडलं, त्येनं का?" जोतीरामनं विचारलं.

"मी सांगितलंतं, दाजींचं वर घ्या!" प्रियदर्शनी फणकारली. "तुमच्या मामाचं घ्यायची तुम्हालाच घाई!"

"माझ्या मामाला मधी आणू नगंस! तुझ्या भावाचा फोटो कुणी घातला मग?"

"फोटोचं नाव काढलासा तर बघा!"

"हळू की! शेजारी ऐकत्यात!" गुंडूमामा एवढ्यांदा ओरडले की शेजारी खरंच गॅलरीत आले.

भेळेत चुरमुरे, फरसाण, कांदा एक व्हावा तसे मामा, भाऊ, पत्रिका, फोटो एकमेकांत कालवले गेले. अस्सल, झणझणीत संघर्ष! तोही आपल्याच घरात, सोप्यात! पण विश्वजितला त्यातलं काही टिपता येईना, कारण प्रियदर्शनीनं पर्स उचलली होती.

"मी निघालो माहेराला, नेसरीला! पूजेला एकटंच बसा तुम्ही!"

जोतीरामचा चेहरा उतरला. आपल्यापायी लोकांचा संसार मोडायला निघाला!

"थांबा!" तो ओरडला. "मला गोष्ट लिहायचीय. त्यात भांडण लागतंय. म्हणून मी मुद्दाम रुसलो!"

कुणालाच पटलं नाही.

"पावणं," मामा दुखावून म्हणाले, "सांगायचं नसंल तर नका सांगू. पर आमास्नी खुळं समजू नका."

तेवढ्यात वर्षाराणी चहा घेऊन आली. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, ट्रे ठेवला.

"मी सांगतो. दादाच्या घराला ह्यांनी नाव शोधून ठेवलंतं. रात-रात जागून! आणि दादानं एका शब्दानं इचारलं न्हाई. लेखक माणूस, लागलं मनाला. बोलवंना, सोसवंना." तिनं पदर डोळ्याला लावला. ऐकता ऐकता विश्वजितनंही टॉवेलानं डोळे टिपले!

"दाजी!" जोतीरामनं त्याला फेसासकट मिठी मारली. "एवढं मनात ठेवलासा?"

प्रियदर्शनीनंही पर्स खाली ठेवली. "'सुखछाया' मी निवडलंतं. पर ऱ्हाऊ दे ते. दाजींचंच लावू. सांगा दाजी, काय नाव?"

सगळे विश्वजितकडं बघायला लागले. त्यानं डोकं खाजवलं. गेले कित्येक दिवस त्या डोक्यात एकच शब्द होता.

"सं... संघर्ष," तो म्हणाला.

प्रियदर्शनीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"वा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "कष्टानं बांधलंय पोरानं. ठरलं!"

रविवारी कागलच्या नव्या घरावर, काळ्या ग्रॅनाइटमध्ये, सोनेरी अक्षरांत 'संघर्ष' झळकत होतं. सकाळपासून दोघं जण 'पावणं, युनियनचं हापिस हेच का?' म्हणून आत डोकावून गेले होते.

पंगत बसली. प्रियदर्शनी पुरणपोळ्या वाढत आली. वर्षाराणीच्या ताटात तिनं आग्रह करून दोन वाढल्या, विश्वजितचं ताट सोडलं आणि सरळ पुढं गेली.

वर्षाराणीनं त्याला कोपरानं ढोसलं. "मागा की!"

"नको," आमटीत भात कालवत विश्वजित हळूच म्हणाला. "उगं भांडण व्हायचं."