कॉम्प्युटरला कान लावणारा नरसय्या

नरसय्या कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी कान लावतो. मिक्सर बिघडला, कान. पाण्याची मोटर बिघडली, कान. एकदा मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्तदाबाचं मशीन दंडाला बांधून बसलो होतो. नरसय्या आला, चपला काढल्या, आणि चालू मशीनला सरळ कान लावून म्हणाला, "तात्या, याचा पंप दमलाय. तुमाला काय झालं नाही." पुढं डॉक्टरांनी मला गोळी सुरू केली. नरसय्या अजून म्हणतो, गोळी मशीनला द्यायला पाहिजे होती.

दुसरी खोड अशी, की माणसांशी तो मराठी बोलतो आणि यंत्राशी तेलुगू. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "मशीनला मराठी कुठं कळतंय?" घरात तेलुगू तो दोघांशीच बोलतो, एक मशीन आणि एक बायको. त्यातल्या मशीनशी जरा गोडीनं बोलतो, असं मी वहिनींना चिडवायचो. वहिनी म्हणायच्या, "मशीन उलटून बोलत नाही ना, तात्या."

माझी आणि त्याची भिंत एक. सोलापूरच्या पूर्व भागात घर घेतलं तेव्हा मी ट्रकवर ड्रायव्हर होतो. गाव मंगळवेढ्याकडं, शाळा चौथीपर्यंत. पण इंजिनातलं मला कुणी शिकवू नये. नरसय्या चादरीच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. माग शंभर असले तरी कुठला कुरकुरतोय हे त्याला दारातून कळायचं, असं तोच सांगतो. असेल बुवा.

म्हातारपणी त्यानं कुठून तरी जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर चादरीच्या नक्ष्या काढायला शिकला. बारीक बारीक चौकोन भरत बसायचं. मोराची मान वळवायला याला चार दिवस लागतात. पण एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली: नक्षी नरसय्याची, रंग वहिनींचे. वहिनी उमेदीत कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. सगळं आयुष्य सुतात गेलेलं. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसवायचा हे त्या लांबून बोट करून सांगायच्या, आणि हा जगाशी भांडणारा माणूस मुकाट्यानं तो भरायचा.

गेल्या वर्षापासून वहिनींची नजर उतरत चाललीय. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी जपा.

अशात कारखान्याच्या मालकानं जुने माग भंगारात काढले. नरसय्या मालकापुढं जाऊन उभा राहिला आणि शेवटची एक चादर स्वतःच्या हातानं विणायची परवानगी घेऊन आला. सोमवारी माग त्याचा, मंगळवारी भंगारवाल्याचा. नक्षी तयार होती, रंग राहिले होते. मागाला नक्षी कळते ती पुठ्ठ्याच्या भोकांच्या पत्त्यांवरून; ते पत्ते पंच करून मागावर चढवायचे तर शनिवारी सकाळी सगळं पंचवाल्याच्या हातात पाहिजे. आणि कॉम्प्युटरच्या एवढ्याशा पडद्यावर वहिनींना काहीच दिसेना.

मी म्हटलं, "तूच भर की रंग. तुला काय लाल-हिरवं कळत न्हाय व्हय?"

"काय बोलालाव तात्या!" एवढंच म्हणाला, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, नव्या पेठेतून एक डबी घेऊन आला. ग्राफिक्स कार्ड म्हणे. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला टीव्हीची वायर बसत नव्हती, या कार्डाला बसणार होती. म्हणजे नक्षी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दिसणार आणि वहिनी पुढ्यात बसून रंग सांगणार. दुकानदार म्हणाला होता, कॉम्प्युटर घेऊन या, बसवून देतो. पण नरसय्या दुसऱ्याच्या हातात मशीन देईल तर तो नरसय्या कसला! आपणच बसवलं. बटण दाबलं. पडदा काळा.

भिंतीपलीकडून हाक आली, "तात्या, या जरा."

या 'जरा'नं माझे दोन दिवस खाल्ले.

गेलो तर हा कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याच्यावर आडवा झालेला. कान आत. मला हातानंच गप्प राहायची खूण. आतून आवाज आला: एक लांब, दोन आखूड. बंद करून परत चालू केला. एक लांब, दोन आखूड.

"ऐकलाव? धोटा अडकला की माग असाच ठोकतो. यात काहीतरी अडकलंय."

"ह्यात कुठला आलाय धोटा? बॅटरी उतरली असंल. गाडी सुरू व्हत न्हाय म्हटल्यावर आदी बॅटरी बघायची."

"ही गाडी हाय का?"

"मग माग हाय का?"

वहिनी आतून म्हणाल्या, "चहा ठेवू का दोघांना?" चहा झाला. तंटा तिथंच राहिला.

आता खरं सांगतो, त्या कॉम्प्युटरच्या आत बॅटरी निघाली! गोल, पैशाएवढी. मी म्हटलं, "ही बघ! ही काय हाय?" नरसय्या म्हणाला, "ती घड्याळाची." मी ऐकणार होतो होय? कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून तसलीच नवी आणली, बसवली. बटण दाबलं. एक लांब, दोन आखूड. नरसय्या नुसता माझ्याकडं बघून हसला. त्या हसण्यानं मला जास्त राग आला. जुनी बॅटरी उतरलेलीच होती, हे मी आजही म्हणतो.

मग खोडरबर झालं. कार्डाचे पिवळे दात खोडरबरानं घासायचे म्हणे, कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तासभर घासले. फुंकर झाली. शेजारच्या गल्लीतून केस वाळवायचं मशीन आणून गरम हवा झाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी गरम हवा! आम्ही दोघं घामानं निथळतोय, आणि हा मधेच कॉम्प्युटरला थोपटून "आगु, आगु" म्हणतोय, म्हणजे थांब, थांब. गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी सकाळी मी कंटाळून म्हटलं, "ने बाबा दुकानात. उद्या सकाळी नक्षी द्यायची हाय तुला. हट्ट सोड."

"हट्ट मी करालोय?"

"मग मी करतोय व्हय?"

"बॅटरी कुणी बदलली?"

मी चिडून उठलो. उठता उठता नजर कार्डावर गेली. उसाची मोळी एका अंगाला जास्त पडली की ट्रक कसा कलतो, तसं ते कार्ड मागच्या बाजूनं वर उचललेलं. ड्रायव्हरची नजर आहे, चुकायची नाही.

"नरसय्या, हे एका अंगानं वर हाय."

त्यानं बोट फिरवलं. दाबलं. खाली जाईना. कार्ड उपसून काढलं, मी उजेड धरला, वहिनींची सुई मागून घेतली आणि खाचेत घातली. आतून काय निघावं? तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

मी त्या दाण्याकडं बघितलं. मग नरसय्याकडं बघितलं. नरसय्या छताकडं बघत होता.

"अक्षता कुणी टाकल्या ह्यात?"

"नवीन पार्ट हाय तात्या. पूजा न करता बसवायचा?"

"अरे पण झाकण उघडं ठेवून?"

"मागाला झाकण असतंय का?"

खांडेनवमीला कारखान्यात जशी मागाची पूजा करायचा, तशीच यानं कॉम्प्युटरची केली होती. हळद, कुंकू, फूल, अक्षता. कार्ड बसवायच्या आधी, उघड्या खाचेवर. आणि दोन दिवस कान लावून मला सांगत होता, काहीतरी अडकलंय म्हणून. अडकवणारा हाच! मी एवढा ओरडलो की वहिनी भिंतीला धरून बाहेर आल्या. त्यांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाली बसल्या. किती तरी महिन्यांनी त्या घरात तसं हसू ऐकलं. नरसय्यासुद्धा ऐकत राहिला, यंत्राचं ऐकतो तसा मान कलती करून.

कार्ड बसवलं. या वेळी खट्‌कन बसलं. बटण दाबल्यावर एकच छोटा आवाज आला. "बोलला!" म्हणून नरसय्यानं मांडीवर थाप मारली.

पडदा काळा.

मला वाटलं, कॉम्प्युटर उचलावा आणि रस्त्यात टाकावा. शेवटी मीच दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "काका, पडद्याची वायर नव्या कार्डाला लावलीय ना? नवं बसवलं की जुनी जागा बंद होते." मागं बघितलं तर वायर जुन्याच जागी. आणि नुसती लावलेली नाही, सुतानं बांधलेली! कधीकाळी ती सैल होत होती म्हणून यानं विणकराच्या गाठी मारून ठेवल्या होत्या. मी कात्री मागितली. नरसय्यानं माझा हात धरला.

"सूत कापायचं नाही. गाठ सोडायची."

एकेक गाठ नखानं सोडवत बसला. मी दारात जाऊन उभा राहिलो, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी गेलं असतं.

पण लागला. आधी छोटा पडदा लागला, आणि दुपारी टीव्हीची वायर जोडल्यावर भिंतभर चादर उमटली. मधे मोर, चारी बाजूंनी फुलांचा काठ. नरसय्यानं खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढली आणि वहिनींना हाताला धरून बसवलं. छोटा पडदा लागल्यावर त्यानं नुसतं दाखवायला म्हणून अंदाजानं काही रंग भरून ठेवले होते, ते आवडतात का विचारायला. मोराला हिरवा, मागची जमीन पांढरी, काठ मरून.

वहिनींनी मान पुढं काढली. मागं घेतली. एका बाजूला कलती केली. मग हात लांबवून टीव्हीच्या काचेवर काठ शोधत बोट फिरवलं.

"हा निळा काठ, मंचिगुंदि," म्हणाल्या. छान दिसतोय, असा त्याचा अर्थ. इतकी वर्षं शेजारी राहून एवढं तेलुगू मला येतं.

काठ मरून होता. चांगला गर्द. मी म्हणायला गेलो, "वहिनी, तो निळा न्हाय..." तेवढ्यात नरसय्याचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. जड हात.

"अजून जरा गडद करू का निळा?" त्यानं विचारलं. मराठीत. मला वाटतं, मला कळावं म्हणून.

"नको. आहे तसाच ठेवा. शाईसारखा."

तो कॉम्प्युटरपाशी गेला. आमच्याकडं पाठ करून बसला आणि काठाचं एकेक फूल मरूनचं निळं करत सुटला. बराच वेळ लागला. वहिनी बंद टीव्हीकडं बघावं तशा त्या झगझगीत टीव्हीकडं बघत बसल्या होत्या, चेहरा समाधानाचा. मधून मधून विचारत होत्या, "दिसतोय ना छान?" आणि हा पाठमोराच म्हणत होता, "लई छान."

शनिवारी नक्षी पंचवाल्याला पोचली. तिथून मी नरसय्याबरोबर सूतवाल्याकडं गेलो, गठ्ठा उचलायला कुणीतरी पाहिजे म्हणून. सूतवाला जुना माणूस. त्यानं नक्षीचा कागद उलगडला, हिरवा मोर बघितला, निळा काठ बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"नरसय्या, या हिरव्याला हा निळा मारतोय. मरून घे. तू इतकी वर्षं मागावर काढलीस, तुला दिसत नाही का?"

एका धाग्याच्या फरकावरून यानं कारखान्यातल्या माणसांशी हमरीतुमरी केलेली मी ऐकलीय. मला वाटलं, आता इथं दुकान डोक्यावर घेणार.

त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि फळीवरच्या निळ्या सुताकडं बोट केलं.

"निळाच द्या. घरात बघून ठरलाय."