विरजण मेलं त्या दिवशी

स्तोयना म्हातारीचं विरजण मेलं. आजीच्या आजीपासून चालत आलेलं विरजण, आणि दोन दिवस दूध नुसतं दूधच राहिलं. रोडोपीच्या डोंगरात असं झालं की घरावर सावली पडली म्हणतात. उसनं मागायचीही सोय नाही. विरजण दाराबाहेर गेलं की बरकत सोबत जाते, म्हणून कोणी देत नाही.

"घर वांझ झालं की विरजणही जगत नाही," म्हातारी सून नेव्हेनाकडे बघत म्हणाली.

नेव्हेना कामावर गेली. दवाखान्यात गोठवून ठेवलेला तिचा एकच गर्भ आता उरला होता. पुढच्या आठवड्यात तो पोटात ठेवायचा होता. पण तिच्या अंगातला जंतूंचा संसर्ग बरा होई आणि पुन्हा उलटे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी चांगल्या, जिवंत जंतूंच्या गोळ्या दिल्या होत्या. "दह्यातल्यांचेच भाऊबंद," असं नेव्हेनानेच सासूला सांगून ठेवलं होतं. दुर्बुद्धी, दुसरं काय!

म्हातारीने फ्रिजमधल्या सगळ्या गोळ्या फोडून कोमट दुधात घातल्या आणि मडकं घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

दुपारी धुकं खिडकीला टेकलं. म्हातारीचा मुलगा असेन जेवायला आला, तर आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली.

"हळू बोल. श्वास घेतंय ते."

घोंगडी सावकाश वर आली, खाली गेली. आतून झोपेत पुटपुटल्यासारखा आवाज आला. असेनच्या अंगावर काटा आला, पण भुकेपुढे भीती किती टिकणार?

"फसफसलंय गं नुसतं," म्हणत त्याने दोन वाट्या हाणल्या. तो तिसरी घेत असताना नेव्हेना आली आणि तिला गोळ्यांची रिकामी बाटली दिसली.

"आई, गोळ्या कुठायत?"

"दही लावलं की! असेन खातोय बघ."

"अहो, त्या तोंडाने घ्यायच्या नव्हत्या!"

असेनचा चमचा हवेतच राहिला. "मग?"

त्या कुठे ठेवायच्या ते नेव्हेनाने सांगितलं. त्याने वाटी खाली ठेवली. ती मात्र रडायलाच लागली. "शेवटचा गर्भ आहे, आई. एकच उरलाय."

तिने फोन लावला. डॉक्टरीणबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"रडू नका, उद्या नव्या देते. पण हे जंतू नवरा-बायकोत ये-जा करतात. तुमच्या नवऱ्याला दिलेलं औषध ते घेतात ना? नाहीतर तुम्ही कितीही बऱ्या झालात तरी पुन्हा तेच."

असेन छताकडे बघू लागला.

"कुठाय औषध?" म्हातारीने विचारलं.

"गाडीत. मला काय झालंय? पुरुषमाणूस मी..."

म्हातारी उठली, मडक्यावरची घोंगडी ओढून तिने सुनेच्या खांद्यावर घातली.

"दही लागलं नाही तर दुधाला शिव्या देत नसतात," ती म्हणाली. "विरजण बघतात. ऊठ रे! आण ते औषध, माझ्यादेखत घे."

कोपऱ्यात उघड्या मडक्याने पुन्हा एक उसासा टाकला. या वेळी दचकला तो फक्त असेन.